सहा हजार एकशे वीस तास

लॅपटॉपमधली हार्ड डिस्क सतत फिरण्यासाठी बनवलेली नसते. ऑफिसातल्या मोठ्या संगणकाची डिस्क जड असते, तिला पंख्याची हवा मिळते, ती महिनोन्‌महिने फिरली तरी चालतं. लॅपटॉपची डिस्क मात्र तळहाताएवढी, बंद पेटीत कोंडलेली. माणूस दोन-तीन तास काम करील आणि झाकण मिटून ठेवील, असं गृहीत धरून ती केलेली असते. हे मला माहीत होतं. म्हणूनच जून १९९७ मध्ये उंबरखेडीच्या बारवेजवळ लॅपटॉप बसवताना मी तिच्या विश्रांतीची सोय करून ठेवली होती.

उंबरखेडी नेवासे तालुक्याच्या कोरड्या अंगाला आहे. गावाबाहेर एक जुनी बारव आहे. पायऱ्या उतरून गेलं की तळाशी तीन मीटर व्यासाचं गोल कुंड. पाणी मचूळ, त्यामुळे कुणी वापरत नाही, आणि नेमकं म्हणूनच आम्हाला ती हवी होती. कुणी शेंदत नाही, पंप नाही. अशा पाण्याची पातळी वर्षभर मोजली, तर खालच्या खडकात पाणी कसं येतं-जातं ते कळतं. चंद्राच्या ओढीने दिवसातून दोनदा पातळी काही मिलिमीटर वरखाली होते का, हेही मला बघायचं होतं. पाण्यात दाबमापक सोडला. त्याची वायर वर, दूध संकलनाच्या बंद पडलेल्या खोलीत आणली. नोंदी साठवणारं खास यंत्र परदेशातून यायचं होतं, ते आलंच नाही. मग संस्थेतला एक जुना लॅपटॉप आणि ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या यांच्यावर काम भागवलं. दर मिनिटाला एक आकडा. आकडे मेमरीत जमायचे आणि दर दोन तासांनी डिस्कवर लिहिले जायचे. मधल्या वेळात दहा मिनिटं कुणी हात लावला नाही, की पडदा काळा होऊन डिस्क थांबायची.

देखरेखीला बन्सीमामा होते. पन्नाशी उलटलेले, सडसडीत, गावच्या सप्ताहात वीणा धरणारे. सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. पहारे लावतात, आणि एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. हे सगळं कानिफनाथ बघायचे. ते डेअरीचे जुने सेक्रेटरी, आणि खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच. बन्सीमामांना तंबाखूची तलफ आली की वीणा त्यांच्याच गळ्यात अडकते, अशी कानिफनाथांनी माझ्यासमोर थट्टा केली होती. मामा हसले नाहीत. ते काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत होते.

मी त्यांना समजावून सांगितलं, की ते बंद पडलेलं नाही, झोपलंय. आत नोंद चालूच आहे.

"झोपलेला मानूस लिव्हतो व्हय?" ते म्हणाले.

स्पेसबार दाबला की डिस्क फिरू लागायची, प्रोग्रॅम फाईल वाचायचा आणि पडद्यावर त्या दिवसाची रेघ उमटायची. ते मी त्यांना दाखवलं, पण उगाच दाबू नका असं सांगायचं राहिलं. नोंदीत खंड पडता कामा नये, एवढं मात्र दोनदा सांगितलं.

जुलैच्या मध्यात मी एकदा जाऊन आले. जून महिन्याची फाईल फ्लॉपीवर घेतली आणि त्याच वेळी फ्लॉपीचा ड्राइव्ह बिघडला. मी आले तेव्हा पडदा जागा होता. मामांनी मला बघून कळ दाबली असेल, असं मला वाटलं. मला तेव्हा सातवा महिना लागला होता. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केला, सप्टेंबरात मुलगी झाली, आणि माझ्या जागी उंबरखेडीला जायला संस्थेत कुणी नव्हतं. नृसिंह सर, आमचे प्रमुख, म्हणायचे की डिस्क झोपत असेल तर काळजी नाही, वर्षभर तग धरील.

दिवाळीनंतर कानिफनाथांचं पोस्टकार्ड आलं. यंत्र उत्तम चालू आहे, बॅटऱ्या वेळेवर बदलतो, असं लिहून खाली एक ओळ होती. "बन्सी श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारपासून सापडत नाही. यंत्रास एक क्षणही खंड नाही."

मी ते कार्ड परत परत वाचलं. दोन्ही वाक्यं एकाच शाईत, एकाच अक्षरात होती.

पाच मार्चला सकाळी मी मुलीला आईजवळ ठेवून जीपने निघाले. बरोबर दुसरा लॅपटॉप आणि दोन्ही यंत्रं जोडायची केबल होती. दहाच्या सुमाराला पोचलो. ऊन लख्ख होतं, तरी त्या खोलीभोवती माणसं हळू आवाजात बोलत होती, आजारी माणसाच्या घराबाहेर बोलतात तशी.

आत एक बाई पाटावर ताठ बसली होती. उजव्या हाताचं पहिलं बोट स्पेसबारवर. माझ्याकडे न बघता तिने कळ दाबली, रेघ उमटली, आणि बोट तिथेच राहिलं. भिंतीवर खडूने पहाऱ्यांचा तक्ता होता. तीन-तीन तासांचे आठ पहारे, प्रत्येकापुढे नाव. नऊ ते बारा या वेळेपुढे बन्सी असंच लिहिलेलं होतं. कानिफनाथांनी खालच्या आवाजात सांगितलं, की ही राहीबाई, बन्सीची बायको. त्याचा पहारा ती चालवते, आणि कुणाचा चुकला तर त्याचाही.

हे कधीपासून, असं मी विचारलं. यंत्र बसलं त्याच्या चौथ्या दिवसापासून, ते अभिमानाने म्हणाले. बन्सीनेच सुरू केलं. पडदा काळा होऊ द्यायचा नाही, आवाज थांबू द्यायचा नाही. रात्रंदिवस कुणी ना कुणी बसलेलं असायचं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. दोनशे पंचावन्न दिवस. सहा हजार एकशे वीस तास. रोज साडेतीन तासांच्या आत वापर धरला तर या डिस्कचं पाच वर्षांचं आयुष्य होतं ते. तिने ते नऊ महिन्यांच्या आत जगून टाकलं होतं.

मग मी कान दिला. नव्या डिस्कचा आवाज कानामागच्या डासासारखा बारीक असतो. हा आवाज तसा नव्हता. खोल रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा होता, आणि त्यात मधूनच एक टक्. टक् झालं की थोडा वेळ हुंकार बारीक व्हायचा, मग परत भरायचा. बेअरिंग झिजलं की असं होतं. टक् हा चकतीवरचं वाचणारं डोकं परत जागेवर नेऊन पुन्हा वाचण्याचा प्रयत्न असतो. हे सगळं मला माहीत असूनही माझा हात दाराच्या चौकटीवरून निघेना.

"पाटंच्या पारी बसतो आवाज," राहीबाई म्हणाली. "सहाच्या सुमाराला. मंग उन्हं आली की उठतो."

थंडीत वंगण घट्ट होतं, म्हणून, असं मी सांगितलं. तिने मान हलवली, पण ती मान्य केल्याची नव्हती.

पुण्यातल्या दुरुस्ती करणाऱ्या एका माणसाने मला एकदा सांगितलं होतं, की अशा डिस्का चालताना मरत नाहीत, थांबवल्यावर मरतात. महिनोन्‌महिने गरम राहिलेलं वंगण थंड होऊन धरून बसतं, डोकं चकतीला चिकटतं, आणि मग मोटरला पहिला फेरा घेता येत नाही. म्हणजे ही डिस्क फिरत होती तोवरच तिच्यातलं वाचता येणार होतं. मी गावाला ओरडणार होते, की तुम्ही हिला मारलंत. आता मला म्हणावं लागलं, की अजून दोन-तीन तास हिला अजिबात थांबू देऊ नका.

कानिफनाथांनी मला बाहेर नेऊन उरलेलं सांगितलं. बारवेच्या जाळीच्या दाराची एक किल्ली बन्सीमामांकडे असायची. बारा ऑगस्टला सकाळी दार उघडं होतं आणि कुलूप पायरीवर नीट ठेवलेलं होतं. मामा नव्हते. प्रवरेकडून दोन पोहणारे आणले. ते तीनदा बुडी मारून आले आणि गाळाशिवाय काही मिळालं नाही. कुंडाच्या तळाशी एक कपार आत जाते, तिथे हात पुरत नाही, म्हणाले. कुणी म्हणालं मामा कपारीत अडकले, कुणी म्हणालं ते दुसरी बाई ठेवून पसार झाले. पंप लावून कुंड उपसायचं ठरलं, तेव्हा राहीबाई पायरीवर बसली आणि उठलीच नाही. पाणी हललं तर यंत्रात काय राहील, असं तिचं म्हणणं. तिच्या दिराने तिला कुंकू पुसायला सांगितलं होतं, दिवस घालायची तयारीही केली होती. तिने मुदत मागून घेतली होती. मॅडम येईपर्यंत.

मी परत आत गेले तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"बाई, त्यात दिसंल का?"

"काय?"

"ते पान्यात गेले का. आन गेले तर हायेत का तिथंच."

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण उत्तर हो असं होतं. तीन मीटर व्यासाच्या कुंडात माणूस बुडाला, तर पाणी आठ-नऊ मिलिमीटर वर येतं. माझा दाबमापक एक मिलिमीटरही पकडत होता. तो माणूस तिथेच राहिला, तर वर आलेलं पाणी आजूबाजूच्या खडकात झिरपत दिवसभरात हळूहळू खाली येतं आणि रेघ उतारासारखी दिसते. तो बाहेर आला, तर पाणी एकदम पडतं आणि रेघ पायरीसारखी दिसते. उतार की पायरी, एवढाच प्रश्न होता. त्यावर त्या बाईचं कुंकू राहणार होतं किंवा जाणार होतं.

फाईल दर महिन्याची वेगळी होती. जुलै ते मार्च, नऊ फायली, केबलवरून प्रत्येकीला पंधरा मिनिटं तरी लागणार होती. डिस्क तेवढी टिकेल याची खात्री नव्हती. माझ्या कामाला आधी हिवाळ्याचे महिने हवे होते, जेव्हा पाऊस नसतो आणि चंद्राची ओढ स्वच्छ दिसते. त्या महिन्यांसाठी मी पाच महिन्यांच्या मुलीला सोडून आले होते. राहीबाईने मला कशाचाही आग्रह केला नाही. ती फक्त कळ दाबत राहिली.

मी ऑगस्ट आधी घेतला.

पंधरा मिनिटांऐवजी पस्तीस लागली. दोनदा टक्-टक्-टक् असं ओळीने झालं आणि आकडे पुढे सरकायचे थांबले. मग कसल्यातरी ओढीने परत सुरू झाले. राहीबाई आवाजाबरोबर श्वास धरत होती आणि सोडत होती. माझंही तेच चाललं होतं, हे मला नंतर लक्षात आलं. फाईल पूर्ण आली तेव्हा मी केबलचा प्रोग्रॅम बंद केला, कारण तो चालू असताना माझ्या लॅपटॉपवर दुसरं काही उघडता येत नव्हतं. जुन्या यंत्रावर मोजणीचा प्रोग्रॅम परत लावला आणि राहीबाईला कळ दाबत राहायला सांगितलं. पाच मिनिटांत ऑगस्ट बघते आणि मग उरलेल्या आठ फायली घेते, असं मनाशी ठरवलं.

बारा तारखेची रेघ पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांपर्यंत सपाट होती. बेचाळिसाव्या मिनिटाला पाणी नऊ मिलिमीटर वर गेलं. मी व्यासावरून गुणाकार केला. त्रेसष्ट लिटर. बन्सीमामा तेवढ्याच वजनाचे असतील.

पुढची एकोणचाळीस मिनिटं रेघ हळूहळू उतरत होती. पाण्याखाली एकोणचाळीस मिनिटं कुणी राहत नाही. मी राहीबाईकडे बघितलं नाही. मग सहा वाजून एकविसाव्या मिनिटाला पाणी एकदम पडलं. पायरी. स्वच्छ, उभी.

"बाहेर आले," मी म्हणाले. "सहा एकवीसला बाहेर आले."

राहीबाईने डोळे मिटले. बोट कळीवरच होतं.

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण आकडा चुकीचा वाटत होता, आणि चुकीचा आकडा मला सोडवत नाही. पाणी नऊने वर गेलं होतं. ते जास्तीत जास्त नऊने खाली यायला हवं. ते तेराने खाली आलं होतं. दाबमापक हलला असता तर पुढची पातळी चुकीचीच राहिली असती, पण दुपारपर्यंत पाणी झिरपून परत बरोबर पूर्वीच्या रेघेला आलं होतं. ओल्या कपड्यांतून दोन लिटर गेलं असेल, फार तर तीन. चार मिलिमीटर म्हणजे अठ्ठावीस लिटर. जेवढं आत गेलं त्यापेक्षा अठ्ठावीस लिटर जास्त बाहेर आलं होतं, आणि तेही त्याच एका मिनिटात.

मी तिला विचारलं, की मामा पाणी काढायला गेले असतील का. दोन घागरी भरल्या तर एवढं पाणी जातं.

"घागरी घरीच हुत्या. आन त्ये पानी कोन पितं?" ती म्हणाली. मग डोळे उघडून, "का?"

मी सांगायला नको होतं. पण सात महिने ती त्या उत्तरासाठी बसली होती, आणि अर्धं उत्तर देणं मला जमलं नाही. मी तिला सगळे आकडे सांगितले. दगड असता तर एवढ्या आकाराचा दगड ऐंशी किलोचा भरला असता. तो घेऊन ती पायऱ्यांची बारव कुणी चढलं नसतं. पाण्याइतकं हलकं काहीतरी होतं. अठ्ठावीस किलोचं.

"म्हंजी केवढं?"

"आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढं."

यंत्राचा हुंकार चालू होता.

"आमाला लेकरू न्हाई, बाई," ती म्हणाली. "गावातलं बी कुनी गेलं न्हाई. मंग कुनाचं नेलं त्यांनी?"

मी पडद्याकडे वळले. बेरीज परत केली, व्यास परत तपासला, मागच्या-पुढच्या दिवसांच्या रेघा बघितल्या. पोहणाऱ्यांच्या बुड्या दिसत होत्या, पण प्रत्येकीत पाणी चढलं तेवढंच उतरलं होतं; चढल्यापेक्षा जास्त उतरलेली पायरी दुसऱ्या कुठल्याच दिवशी नव्हती. एकोणचाळीस मिनिटांच्या उतारातला प्रत्येक आकडा मी कागदावर उतरवून घेतला. उताराच्या मध्यावर, सहा वाजून दोन मिनिटांनी, पाणी अर्धा मिलिमीटर वरखाली झालं होतं, खाली कुणीतरी कूस बदलावी तसं. दाबमापक एवढं बारीक मोजत नाही. तरी मी ते लिहून घेतलं.

मी मान वर केली ती खोलीतला बदल जाणवून. काय बदललं ते आधी कळलं नाही. मग कळलं, की बाहेरच्या झाडावरचे पक्षी ऐकू येत होते.

पाट रिकामा होता आणि पडदा काळा होता. दहा मिनिटं, मी स्वतःच जूनमध्ये ठरवून दिलेली. मी कळ दाबली. आतून एक टक् आला, मग बारीक कण्हल्यासारखं काहीतरी, आणि मग काही नाही. मी बंद करून परत सुरू केलं. पेटीला तळहाताची ऊब दिली. हलक्या हाताने फिरवून झटका दिला; काही वेळा त्याने चिकटलेलं सुटतं. सुटलं नाही. ते उरलेले आठ महिने डिस्कच्या आत होते, शाबूत, आणि तिथपर्यंत पोचायला एक फेरा हवा होता.

बारा वाजता पहारा बदलायला कानिफनाथ आले. त्यांनी कान टवकारले आणि दारातच उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना सांगितलं, की यात तुमचा दोष नाही. ते खरं नव्हतं आणि खोटंही नव्हतं. आठ महिने ते डिस्कला जपून मारत होते, आणि शेवटची दहा मिनिटं माझी होती. राहीबाई कुठे, असं विचारल्यावर त्यांनी घराच्या दिशेने हात केला. दिरासमोर उभी राहून तिने सांगितलं होतं, की कुंकू पुसणार नाही, मालक पाण्यातून वर आलेले आहेत, मॅडमनी बघितलं. दुसरं काही सांगितलं नव्हतं.

आम्ही सामान जीपमध्ये ठेवत होतो तेव्हा ती आली. ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. नेवासे फाट्यावर सोडाल का, एवढंच विचारलं. कुठे जाणार ते मी विचारलं नाही.

ती खिडकीशी बसली. गाव सुटल्यावर तिने ड्रायव्हरला जरा सावकाश घ्यायला सांगितलं. दुपारचा तो रस्ता मोकळा होता. उसाच्या रानाकडे जाणारी, सायकल हाताने ढकलत चाललेली, झाडाखाली गाडीची वाट बघणारी माणसं अधूनमधून दिसत होती. एकट्या माणसावरून तिची नजर लगेच सरकायची. कुणी मुलाचा हात धरून चाललेला दिसला, की ती काचेपाशी झुकायची आणि आधी मुलाकडे बघायची, मग माणसाच्या तोंडाकडे. असं चार-पाच वेळा झालं.

त्यानंतर फाटा येईपर्यंत माझ्या बाजूच्या खिडकीतून मीही बघत होते.